बेसबॉलच्या एमव्हीपीचं मतदान न्याय्य आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिशिगनमध्ये राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं मला बेसबॉल म्हणजे चार तास चालणारा आणि काहीच न घडणारा खेळ वाटायचा. मग कधीतरी खेळ लागला, आणि त्याहून जास्त त्यावरची भांडणं आवडायला लागली. नोव्हेंबरमध्ये एमव्हीपी (हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू) जाहीर झाला की आमच्याकडच्या मराठी घरांमधून तेच तेच प्रश्न येतात. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला ही भानगड पटकन कळत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो आहे.

एकाच वर्षी दोन एमव्हीपी कसे काय?

मेजर लीग बेसबॉलमध्ये तीस संघ आहेत. पंधरा अमेरिकन लीगमध्ये, पंधरा नॅशनल लीगमध्ये. दोन्ही लीगचा आपापला 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर' असतो. वर्ल्ड सिरीजचाही (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) एक एमव्हीपी निवडतात, पण ती निवड वेगळी असते. भांडणं होतात ती दोन लीगच्या एमव्हीपींवरून.

मत कोण देतं?

पत्रकार. बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिका ही बेसबॉलवर लिहिणाऱ्यांची संघटना १९०८ सालची, आणि १९३१ पासून एमव्हीपी तीच निवडते. लीगमधल्या प्रत्येक संघामागे त्या शहरातले दोन पत्रकार, म्हणजे एका लीगची तीस मतं. संघ कितीही श्रीमंत असो, त्याच्या वाट्याला दोनच मतं येतात. काही वर्तमानपत्रांना हे सगळंच पटत नाही. ज्याची बातमी द्यायची त्यालाच बक्षीस कसं द्यायचं, असं म्हणून न्यूयॉर्क टाइम्सने अनेक वर्षं आपल्या पत्रकारांना या मतदानापासून दूर ठेवलं.

गुण कसे मोजतात?

प्रत्येक पत्रकार दहा नावं क्रमाने लिहितो. पहिल्या नावाला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, आणि मग एकेक कमी होत दहाव्याला १. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात मुद्दाम पाच गुणांचं अंतर ठेवलं आहे, म्हणजे 'हाच' असं ठामपणे म्हणणाऱ्याच्या मताला वजन येतं. तीसही जणांनी एकालाच पहिलं ठेवलं तर ४२० गुण होतात.

या पद्धतीची गंमत अशी, की पहिल्या क्रमांकाची मतं जास्त मिळवूनही माणूस हरू शकतो. १९७९ मध्ये नॅशनल लीगमध्ये पिट्सबर्गच्या विली स्टारजेलला पहिल्या क्रमांकाची १० मतं होती, सेंट लुईसच्या कीथ हर्नांडेझला ४. तरी दोघांचे गुण भरले बरोबर २१६. पुरस्कार वाटून दिला. एवढं मोठं अंतर कसं भरून निघालं? काही पत्रकारांनी स्टारजेलला पहिल्या दहांत कुठेच जागा दिली नव्हती. एखाद्याला फार आवडणं आणि सगळ्यांना बऱ्यापैकी आवडणं या दोन गोष्टी हे गणित एकाच तराजूत टाकतं.

मतपत्रिका कधी भरतात?

नेहमीचा हंगाम संपल्यावर, प्लेऑफ सुरू व्हायच्या आधी. निकाल नोव्हेंबरमध्ये लागतो, त्यामुळे वर्ल्ड सिरीजमध्ये शून्यावर शून्य काढणारा खेळाडू पंधरवड्यात एमव्हीपी झालेला दिसतो आणि लोक कपाळाला हात लावतात. ऑक्टोबरचा खेळ मतात धरलेलाच नसतो.

'मौल्यवान' म्हणजे सर्वोत्तम की आणखी काही?

सगळं घोडं इथेच पेंड खातं.

मतदारांना दरवर्षी एक सूचनापत्र मिळतं. त्यात स्पष्टच म्हटलं आहे की 'मोस्ट व्हॅल्युएबल'ची पक्की व्याख्या नाही, आपल्या संघाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कोण हे प्रत्येक मतदाराने स्वतः ठरवायचं. पुढे निकष येतात: खेळाडूची संघासाठी असलेली खरी किंमत, म्हणजे बॅटिंग आणि फील्डिंग दोन्ही, किती सामने खेळला, स्वभाव, निष्ठा आणि मेहनत. आधी जिंकलेला खेळाडू चालतो. पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा) चालतो. आणि एमव्हीपी प्लेऑफमध्ये गेलेल्या संघाचाच असला पाहिजे असं नाही.

हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, लिहिणाऱ्याने हात झटकलेत. 'संघाच्या दृष्टीने' असंही म्हणायचं आणि संघ हरला तरी चालेल असंही म्हणायचं! घरातल्या कर्त्या माणसासारखं आहे हे, दोन्ही भावांना 'तुझंच बरोबर आहे' सांगून मोकळा. पण आता मला वाटतं की ही ढिलाई मुद्दाम ठेवली आहे आणि ती शहाणपणाची आहे. व्याख्या पक्की केली असती तर १९३१ च्या समजुतीवर आजही बक्षीस वाटलं गेलं असतं. शब्द मोकळा ठेवल्यामुळे प्रत्येक पिढीने त्यात आपला अर्थ भरला. एमव्हीपींची यादी वरून खाली वाचत गेलं की खेळाडूंपेक्षा मतदारांचाच इतिहास जास्त कळतो.

मग हरलेल्या संघाचा खेळाडू निवडणं चूक की बरोबर?

१९८७ मध्ये शिकागो कब्सचा आंद्रे डॉसन ४९ होम रन (मैदानाबाहेर मारलेले फटके) आणि १३७ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर संघाला मिळालेल्या धावा) करून एमव्हीपी झाला. कब्स आपल्या विभागात सगळ्यांत शेवटी होते. २००३ मध्ये टेक्सासच्या अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझच्या बाबतीत तेच. तेव्हा लोक म्हणायचे, याच्याशिवायही संघ शेवटचाच आला असता, मग मोल कसलं?

वाक्य टाळ्या घेणारं आहे. पण क्रिकेटच्या माणसाला त्यातला खोटेपणा लगेच कळावा. २००३ च्या विश्वचषकात सचिन तेंडुलकरने ६७३ धावा केल्या, अंतिम सामना आपण हरलो, तरी मालिकावीर तोच होता आणि त्यावर कोणी भांडलं नाही. बेसबॉलमध्ये तर एकट्याच्या हातात याहून कमी असतं. बॅटरची पाळी नऊ जणांत एकदा येते, तीही ठरलेल्या क्रमाने. संघ अडचणीत आहे म्हणून आपल्या सर्वांत चांगल्या माणसाला पुढे पाठवता येत नाही. बाकीच्या आठ जणांच्या खेळाची शिक्षा नवव्याला द्यायची, याला न्याय म्हणणं मला जमत नाही.

आताचे मतदारही हळूहळू इकडेच आलेत. २०१६ चा एमव्हीपी माइक ट्राउट, त्याच्या एंजल्स संघाने त्या वर्षी ७४ सामने जिंकले, ८८ हरले. शोहेई ओहतानी २०२१ आणि २०२३ मध्ये एकमताने जिंकला, तेव्हा तोही एंजल्समध्येच होता आणि दोन्ही वर्षी संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते.

२०१२ चं ते कॅब्रेरा-ट्राउट प्रकरण काय होतं?

या प्रश्नाचं उत्तर मी तटस्थपणे देऊ शकत नाही, आधीच सांगतो. मी तेव्हा डेट्रॉइटच्या जवळ राहायचो आणि मिगेल कॅब्रेरा आमचा होता.

कॅब्रेराने त्या वर्षी बॅटिंग सरासरी (दर पाळीमागे किती हिट, म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं) ०.३३०, होम रन ४४ आणि आरबीआय १३९, या तिन्हींत अमेरिकन लीगमध्ये पहिला क्रमांक काढला. याला ट्रिपल क्राउन म्हणतात. त्याआधी तो १९६७ मध्ये कार्ल यास्ट्रेम्स्कीने मिळवला होता, म्हणजे पंचेचाळीस वर्षं कोणालाच जमला नव्हता. आमच्यासाठी विषय तिथेच संपला होता.

समोर होता एंजल्सचा वीस-एकवीस वर्षांचा माइक ट्राउट. त्याचं ते पहिलंच पूर्ण वर्ष. सरासरी ०.३२६, होम रन ३०, चोरलेले बेस (पिचरला चकवून पळत पुढचा बेस गाठणं) ४९. सेंटर फील्डमध्ये भिंतीवर चढून तो होम रन ओढून आणायचा. कॅब्रेराला मात्र त्याच वर्षी प्रिन्स फील्डरला जागा करून देण्यासाठी पहिल्या बेसवरून तिसऱ्या बेसवर हलवलं होतं, आणि तिथली त्याची फील्डिंग बघताना आम्ही देवाचं नाव घ्यायचो. ट्राउटच्या बाजूचे लोक म्हणत, तुमची ट्रिपल क्राउन तीन जुने आकडे मोजते. पळणं, झेलणं, वाचवलेल्या धावा कोण मोजणार?

मतं पडली. २८ पैकी (तेव्हा अमेरिकन लीगमध्ये चौदाच संघ होते) २२ जणांनी कॅब्रेराला पहिलं ठेवलं, ६ जणांनी ट्राउटला. गुण ३६२ विरुद्ध २८१.

'कॅब्रेराने संघाला प्लेऑफमध्ये नेलं, ट्राउटने नाही' हे तेव्हाचं आमचं हुकमी पान. मीही ते शंभरदा फेकलं असेल. नंतर कधीतरी शांतपणे तक्ता बघितला. डेट्रॉइटने जिंकलेले सामने ८८. एंजल्सनी ८९! आमचा विभाग कमकुवत म्हणून आम्ही आत, त्यांचा तगडा म्हणून ते बाहेर. त्यात ट्राउट एप्रिलअखेर संघात आला तेव्हा एंजल्स ६ जिंकून १४ हरले होते. तो आल्यावर ८३ जिंकले, ५९ हरले. 'संघाच्या दृष्टीने मोल' हाच निकष लावायचा तर ट्राउटची बाजू आमच्याहून भक्कम होती, आणि आम्ही तो निकष त्याच्याविरुद्ध वापरत होतो. आज मत द्यायचं झालं तर मी ट्राउटला देईन. डेट्रॉइटमधल्या जुन्या मित्रांना मात्र हे सांगितलेलं नाही.

'वॉर' म्हणजे काय? सगळे त्याच्यावरच का बोलतात?

'विन्स अबव्ह रिप्लेसमेंट'चं हे लघुरूप. हा खेळाडू नसता आणि त्याच्या जागी सहज मिळणारा, मायनर लीगमधून बोलावलेला एखादा साधा खेळाडू खेळवला असता, तर संघाने किती सामने कमी जिंकले असते, याचा अंदाज. बॅटिंग, पळणं, फील्डिंग, कोणत्या जागेवर खेळतो, कोणत्या मैदानावर खेळतो, हे सगळं आधी धावांत मोजतात. साधारण दहा धावांना एक विजय असं धरून मग त्याचे विजय करतात. २०१२ मध्ये ट्राउटचा वॉर दहाच्या वर होता, कॅब्रेराचा सातच्या आसपास.

आकडा उपयोगी आहे, पण देवाने लिहून दिलेला नाही. बेसबॉल रेफरन्स आणि फॅनग्राफ्स या दोन ठिकाणी एकाच खेळाडूचा वॉर वेगळा दिसतो, कारण फील्डिंग आणि पिचिंग मोजायच्या त्यांच्या रीती वेगळ्या. त्यामुळे ९.१ आणि ८.७ यावरून कोण श्रेष्ठ हे ठरवणं म्हणजे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सोनं तोलणं. दहा आणि सात यांतला फरक मात्र खरा असतो.

टेड विल्यम्सवर खरंच अन्याय झाला का?

हो. तीनदा, आणि तिन्ही वेळा समोर न्यूयॉर्क यँकीजचा माणूस होता.

१९४१ मध्ये बॉस्टनच्या विल्यम्सची सरासरी ०.४०६ होती. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या पूर्ण हंगामात ०.४०० कोणीही गाठलेलं नाही. पुरस्कार गेला जो डिमॅजिओला, त्याने सलग ५६ सामन्यांत हिट मारली होती. हा निकाल मी अजून समजू शकतो, त्या उन्हाळ्यात सगळा देश डिमॅजिओकडे बघत होता. १९४२ मध्ये विल्यम्सने ट्रिपल क्राउन मिळवला: ०.३५६, ३६, १३७. एमव्हीपी झाला जो गॉर्डन: ०.३२२, १८, १०३, आणि लीगमध्ये सर्वाधिक वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) होणाराही तोच. यँकीज जिंकले होते, एवढंच त्याचं भांडवल.

१९४७ ला पुन्हा विल्यम्सचा ट्रिपल क्राउन, पुन्हा डिमॅजिओ. गुण २०२ विरुद्ध २०१. एका गुणाने! एका पत्रकाराने विल्यम्सला पहिल्या दहांतही घातलं नव्हतं. त्याने नववी जागा दिली असती तरी चित्र पालटलं असतं. विल्यम्सने आयुष्यभर बॉस्टनच्याच एका पत्रकाराला दोष दिला, कारण दोघांचं वाकडं होतं हे जगजाहीर होतं. नंतर लोकांनी खोदून पाहिलं तर त्या पत्रकाराकडे त्या वर्षी मतच नव्हतं. अर्धं शतक एका भलत्याच माणसाच्या नावाने खडे फोडले गेले. मतं गुप्त ठेवली की हे असं होतं.

मतं अजूनही गुप्त असतात का?

नाही. आता निकालानंतर कोणी कोणाला कितवं ठेवलं हे नावानिशी जाहीर होतं. माझ्या मते या शंभर वर्षांत झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा. मूर्खासारखं मत द्यायचं स्वातंत्र्य आजही आहे, फक्त दुसऱ्या दिवशी त्याचा जाब द्यावा लागतो.

पत्रकार खुन्नस काढतात का?

काढायचे. १९९५ बघा. क्लीव्हलंडच्या अल्बर्ट बेलने ५० होम रन आणि ५२ डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) मारले. एका हंगामात दोन्ही पन्नास याआधी कोणालाच जमले नव्हते, आणि तो हंगाम संपामुळे १४४ सामन्यांवर आला होता. क्लीव्हलंडने त्यातले १०० जिंकले, म्हणजे 'संघ हरला' हेही कारण नाही. तरी ३०८ विरुद्ध ३०० गुणांनी एमव्हीपी झाला बॉस्टनचा मो वॉन, ३९ होम रनवाला. वॉन पत्रकारांशी हसून बोलायचा. बेल त्यांना शिव्या घालायचा. सूचनापत्रात 'स्वभाव' हा निकष आहेच, त्यामुळे नियमाप्रमाणे कोणी काही चुकलं असं म्हणता येत नाही. पण पत्रकाराला मुलाखत न देणं आणि संघाशी वाईट वागणं यांत फरक आहे, आणि तो त्या मतपत्रिकांत कुठे दिसत नाही.

पिचरला एमव्हीपी मिळतो का? त्यांना साय यंग पुरस्कार आहे ना?

मिळतो, पण क्वचित. २०११ मध्ये जस्टिन व्हर्लँडर, २०१४ मध्ये क्लेटन कर्शॉ. साय यंग पुरस्कार १९५६ मध्ये सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी डॉन न्यूकमने तो आणि एमव्हीपी दोन्ही घेतले, म्हणजे एक असला की दुसरा नाही असा नियम कधीच नव्हता.

काही पत्रकारांच्या डोक्यात मात्र तो नियम होता. १९९९ मध्ये बॉस्टनच्या पेड्रो मार्टिनेझने २३ सामने जिंकले, ४ हरले, ३१३ बॅटर स्ट्राइकआउट केले. पहिल्या क्रमांकाची सर्वाधिक मतंही त्यालाच, ८. तरी टेक्सासचा कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) इव्हान रॉड्रिगेझ ७ पहिल्या मतांवर २५२ विरुद्ध २३९ गुणांनी जिंकला, कारण दोन पत्रकारांनी मार्टिनेझचं नावच लिहिलं नाही. पाच दिवसांतून एकदा खेळणाऱ्याला रोज खेळणाऱ्याच्या पंक्तीत कसं बसवायचं, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण दोघांपैकी न्यूयॉर्कच्या पत्रकाराने आदल्याच वर्षी आपल्या यादीत दोन पिचर घातले होते! दोघांनी मार्टिनेझला नुसतं चौथं ठेवलं असतं तरी सात-सात मिळून १४ गुण झाले असते, आणि अंतर होतं १३ गुणांचं.

तुमचं मत काहीही असू द्या, पण मतपत्रिकेवर 'पिचर पात्र आहेत' असं छापलेलं असेल आणि तुम्हाला ते मान्य नसेल, तर मतपत्रिका परत करावी.

आपल्याच शहराच्या खेळाडूला मत देत असतील ना?

आपला तो बाब्या कोणाला वाटत नाही! २०२२ मध्ये यँकीजच्या एरन जजने ६२ होम रन मारून लीगचा विक्रम मोडला. ३० पैकी २८ जणांनी त्याला पहिलं ठेवलं. ओहतानीला पहिली मतं दोनच पडली, आणि दोन्ही एंजल्सच्या गावच्या पत्रकारांची होती. पण प्रत्येक संघामागे दोन असल्यामुळे हा पक्षपात बहुतेक वेळा एकमेकांना काटतो. शिवाय त्या दोघांनी ओहतानीला सर्वांत जवळून पाहिलं होतं. दिवसा पिचर आणि रात्री बॅटर असा माणूस रोज डोळ्यांसमोर असेल, तर माझाही हात तिकडेच वळला असता.

या मतांवर खेळाडूंचा पैसा अवलंबून असतो, हे खरं का?

खरं आहे, आणि मला सगळ्यांत जास्त खटकतं ते हेच.

बोनसची कलमं जुनीच आहेत. पिचर कर्ट शिलिंगच्या २००८ च्या करारात तर साय यंगसाठी एक जरी मत मिळालं तरी १० लाख डॉलर असं लिहिलं होतं. एका पत्रकाराच्या हाताला दहा लाखांची किंमत! पण २०२२ च्या कामगार करारापासून हे सरकारी दप्तरातच गेल्यासारखं झालं. तरुण, कमी पगाराच्या खेळाडूंसाठी दरवर्षी ५ कोटी डॉलरचा निधी ठेवला, आणि त्यातला एमव्हीपी किंवा साय यंग विजेत्याचा वाटा २५ लाख डॉलर, दुसऱ्या क्रमांकाचा १७.५ लाख. त्या वर्षी किमान पगार ७ लाख डॉलर होता. म्हणजे वर्षभराच्या पगाराच्या साडेतीनपट रक्कम पत्रकारांच्या तीस मतपत्रिका ठरवतात. सिॲटलच्या जुलिओ रॉड्रिगेझच्या करारात तर पुढच्या वर्षांची किंमत तो एमव्हीपी मतदानात कितवा येतो यावर वर-खाली होते.

खेळाडू आणि मालक यांनी आपसांत ठरवलं आणि ओझं तिसऱ्याच्याच डोक्यावर टाकलं. पत्रकार यातून एक पैसा घेत नाहीत, पण ज्याच्या पगारावर आपण सही करतो त्याच्याबद्दल रोज निर्भीडपणे कसं लिहायचं? मतदानातून बाहेर राहणाऱ्या वर्तमानपत्रांचं म्हणणं मला पूर्वी सोवळेपणाचं वाटायचं. आता तसं वाटत नाही.

फसवणूक उघड झाली तर पुरस्कार काढून घेतात का?

नाही. आजवर एकदाही नाही. केन कॅमिनिटी १९९६ मध्ये एकमताने निवडून आला आणि २००२ मध्ये त्याने स्वतःच स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं. रायन ब्राउन २०११ चा विजेता, २०१३ मध्ये त्याला ६५ सामन्यांची बंदी झाली. दोघांची नावं यादीत आहेत. २०१७ मध्ये होजे आल्टुवेने जजला हरवलं, आणि नंतर कळलं की ह्यूस्टनचा संघ त्या वर्षी कॅमेऱ्याने कॅचरच्या खुणा चोरून कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला इशारे देत होता. आल्टुवेने ती मदत नको म्हटल्याचं त्याच्या सहकाऱ्याने उघडपणे सांगितलं आहे. प्रकरण मिटलेलं नाही, पुरस्कार त्याच्याकडेच आहे.

काळ्या खेळाडूंवर अन्याय झाला का?

१९४७ पर्यंत त्यांना मेजर लीगमध्ये खेळूच दिलं जात नव्हतं, त्यामुळे त्याआधीच्या सगळ्या एमव्हीपींपुढे अर्धवट तुलनेची खूण करायला हवी. दार उघडल्यावर काय झालं ते बघा. नॅशनल लीगमध्ये १९४९ ला जॅकी रॉबिन्सन, मग रॉय कॅम्पनेला तीनदा, विली मेज, न्यूकम, हँक एरन, अर्नी बँक्स दोनदा. १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत नऊ वेळा काळा खेळाडू. अमेरिकन लीगचे संघ काळे खेळाडू घ्यायला मागे राहिले, आणि तिथे पहिला काळा एमव्हीपी व्हायला १९६३ साल उजाडलं, एल्स्टन हॉवर्ड. फरक मतदारांत नव्हता, मालकांत होता.

ट्रॉफीवर मात्र २०२० पर्यंत केनेसॉ माउंटन लँडिसचं नाव होतं. १९२० पासून १९४४ मध्ये मरेपर्यंत बेसबॉलचा आयुक्त हाच, आणि त्याच्या कारकिर्दीत एकही काळा खेळाडू मेजर लीगमध्ये आला नाही. त्याच्या नावाची ट्रॉफी रॉबिन्सनने घेतली. पत्रकार संघटनेने २०२० मध्ये मतदान करून ते नाव काढलं.

२०२५ मध्ये जज की रॉली?

अलीकडचा सर्वांत चांगला वाद, कारण दोन्ही बाजू बरोबर होत्या. सिॲटलच्या कॅल रॉलीने कॅचर असून ६० होम रन मारले. कॅचर म्हणजे रोज तीन तास उकिडवं बसायचं, दीडशे चेंडू झेलायचे, अंगावर मार खायचा, आणि वर पिचरला काय टाकायचं ते सांगायचं. जजची सरासरी ०.३३१, होम रन ५३. तीसही मतदारांनी हे दोघेच पहिले दोन ठेवले: १७ जणांनी जज, १३ जणांनी रॉली. गुण ३५५ विरुद्ध ३३५.

मी रॉलीला मत दिलं असतं. कॅचरच्या कामाचा बराचसा भाग अजूनही कोणत्याच आकड्यात बसत नाही. पण सतरा जणांना मूर्ख म्हणायची माझी तयारी नाही, आणि १९४७ किंवा १९९५ बद्दल मी असं म्हणू शकत नाही.

पत्रकारांऐवजी चाहत्यांनी किंवा प्रशिक्षकांनी निवडलं तर?

चाहत्यांना ऑल-स्टार सामन्याचं मत होतं. १९५७ मध्ये सिनसिनाटीकरांनी पेट्या भरभरून मतपत्रिका पाठवल्या आणि नॅशनल लीगचा जवळजवळ अख्खा संघ आपल्याच गावचा निवडला. आयुक्तांनी दोघांना काढलं आणि चाहत्यांचा मताधिकार गेला तो १९७० पर्यंत.

प्रशिक्षक फील्डिंगसाठीचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार निवडायचे. १९९९ मध्ये त्यांनी पहिल्या बेसवरचा सर्वोत्तम म्हणून राफाएल पाल्मेरोला निवडलं. तो त्या वर्षी पहिल्या बेसवर २८ सामने खेळला होता, बाकी वेळ नुसती बॅटिंग. दगडापेक्षा वीट मऊ, पत्रकारच बरे.

आयपीएलसारखे सरळ गुण मोजून का देत नाहीत? मतदानाची भानगडच नको.

माझा भाचा हेच विचारतो. आयपीएलमध्ये चौकार, षटकार, विकेट, निर्धाव चेंडू, झेल यांचे गुण ठरलेले असतात आणि बेरीज ज्याची जास्त तो मोस्ट व्हॅल्युएबल. २०२५ ला तो मान मुंबईच्या सूर्यकुमार यादवला मिळाला.

बेसबॉलने हे करून पाहिलं आहे. १९१० मध्ये चॅमर्स या मोटार कंपनीने जाहीर केलं की सर्वाधिक बॅटिंग सरासरी असेल त्याला गाडी. मतदान नाही, समिती नाही, नुसता आकडा. डेट्रॉइटचा टाय कॉब पुढे होता, आणि सरासरी खाली येऊ नये म्हणून शेवटचे दोन सामने तो खेळलाच नाही. मागे होता क्लीव्हलंडचा नॅप लाजोई. शेवटच्या दिवशी सेंट लुईसमध्ये त्याचे दोन सामने होते. कॉब कोणालाच आवडत नसे, म्हणून सेंट लुईसच्या मॅनेजरने आपल्या नवख्या तिसऱ्या बेसमनला पार मागे जाऊन उभं राहायला सांगितलं. लाजोई चेंडूला हलकेच बॅट लावून पळत राहिला आणि त्या दिवशी त्याने आठ हिट मिळवल्या. नवव्या वेळची नोंद हिट म्हणून करावी, त्याबदल्यात नवा सूट मिळेल, अशी चिठ्ठी स्कोअररला गेली. त्याने ऐकलं नाही. मॅनेजरची नोकरी गेली, लीगने कॉबला विजेता ठरवलं, आणि कंपनीने वाद नको म्हणून दोघांनाही गाडी दिली. पुढच्या वर्षीपासून तिने आकडा सोडला आणि प्रत्येक शहरातल्या एका पत्रकाराला मत देऊन विजेता निवडायला सांगितलं. आजचं मतदान तिथून आलं आहे.

पुढे कोणीतरी १९१० च्या वह्या पुन्हा तपासल्या, आणि १९८१ मध्ये ते छापून आलं. कॉबचा एक सामना चुकून दोनदा लिहिला गेला होता. सरासरी लाजोईचीच जास्त होती.